इंजिन गेलं म्हणतात? आधी बघू, वारं कुठून जातंय

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी आहे. त्यातही ज्यांनी सेकंडहँड गाडी घेतलीय, किंवा घरातली दहा-बारा वर्षं जुनी गाडी आता स्वतः चालवताय, त्यांच्यासाठी जरा जास्त. कारण एक वाक्य कधी ना कधी तुमच्या कानावर पडणार आहे. गाडी घाट चढताना धापा टाकायला लागते, सकाळी चार-चार सेल्फ मारावे लागतात, सिग्नलला उभी असली की थरथरते. तुम्ही गॅरेजला नेता. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोनदा रेस करून बघतो आणि म्हणतो, "कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन काम निघालं."

इंजिन काम म्हटलं की पोटात गोळा येतो. हजारांत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत बोलणं सुरू होतं. मग घरात चर्चा: दुरुस्त करायचं, दुसरं इंजिन टाकायचं, की गाडीच काढून टाकायची?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिन रिकंडिशनिंगच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. बोअरिंग, होनिंग, हेडची कामं, हेच आमचं रोजचं. तिथं रोज जे बघतो त्यातून आज एकच गोष्ट सांगायचीय. "कॉम्प्रेशन गेलंय" हे आजाराचं नाव नाहीये. ताप आलाय म्हणण्यासारखं आहे ते. ताप कशानं आलाय ते कळल्याशिवाय ऑपरेशन करायचं नसतं.

आधी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू. सायकलचा पंप घ्या, पुढच्या भोकावर बोट दाबून धरा आणि दांडा दाबा. हवा आत कोंडते, दांडा जड लागतो. इंजिनमध्ये तेच चाललेलं असतं. पिस्टन खाली येतो, हवा आणि पेट्रोल आत ओढतो. वर जातो तेव्हा ते मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो, आणि शेवटी धूर बाहेर. यातली दुसरी पायरी म्हणजे कॉम्प्रेशन. मिश्रण नीट दाबलंच गेलं नाही, तर भडका अर्धवट होतो आणि गाडीतली ताकद जाते.

आता पंपावरचं बोट जरा सैल केलं तर? हवा फुस्स. इंजिनमध्ये ती फुस्स व्हायच्या मुख्य जागा तीन. पहिली, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत, म्हणजे खालची बाजू. दुसरी, व्हॉल्व्ह, म्हणजे वरचे दरवाजे. तिसरी, हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, ज्याला हेड गॅस्केट म्हणतात. क्वचित पिस्टनला भोक पडलेलं असतं किंवा हेडला चीर गेलेली असते. पण बहुतेक वेळा चोर या तिघांपैकीच एक.

आणि खर्चाचा सगळा खेळ इथंच आहे. व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग असेल तर फक्त हेड उतरवून काम होतं, खालचं इंजिन गाडीतच राहतं. रिंगा आणि बोअर गेले असतील तर बहुतेक वेळा अख्खं इंजिन खाली उतरतं. लक्षण सारखं, बिलात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मग कळायचं कसं? मोजून. कॉम्प्रेशन गेज नावाचं साधं यंत्र असतं. टायरची हवा बघतात त्याचाच हा मोठा भाऊ. इंजिन थोडं गरम करायचं, सगळे स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवायचं. प्लगच्या जागी गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. पाच-सहा फेऱ्या पुरतात. आकडा लिहायचा, पुढचा सिलिंडर.

तुमच्या कारच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. चांगल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण १५० ते २०० पीएसआय येतो. डिझेलचा त्याच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणून डिझेलला गेजही वेगळा लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पण एकट्या आकड्यापेक्षाही सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त बोलतो. चारही १६० असतील तर गाडीचं वय झालंय, पण ती निरोगी आहे. तीन १७० आणि एक ९५ असेल, तर त्या एकातच काहीतरी बिघडलंय.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले दिसले, समजा दुसरा आणि तिसरा, तर पहिला संशय मधल्या पॅकिंगवर. हवा एकातून दुसऱ्यात जातेय. आणि चारही एकदम कमी आले, तर लगेच "सगळ्या रिंगा गेल्या" म्हणू नका. बॅटरी उतरली असेल आणि सेल्फ हळू फिरत असेल तरी आकडे पडतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबायला विसरले तरी पडतात. टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली असेल तरीही.

दुसरी पायरी म्हणजे ओली टेस्ट. ज्या सिलिंडरचा आकडा पडलाय, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि परत मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटीत बसतं आणि थोडा वेळ ती बुजवतं. आकडा झपकन वर गेला तर दोष रिंगांकडे किंवा बोअरमध्ये. जागचा हललाच नाही, तर वरचं बघा, व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग.

तिसरी पायरी माझ्या आवडीची, कारण ती कानानं करायची असते. लीक-डाऊन टेस्ट. पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात त्या जागी, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची. मग ऐकत फिरायचं. ऑइल भरायच्या झाकणातून सूं आवाज आला तर रिंगा. एअर फिल्टरच्या बाजूनं आला तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा चीर. एक सांगून ठेवतो, हे घरी करून बघायचं काम नाही. हवेच्या दाबानं इंजिन अचानक फिरतं, हात अडकू शकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडायचं नाही.

आता एका गाडीची गोष्ट सांगतो. शाळेची मुलं नेणारी छोटी व्हॅन, चार सिलिंडरची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. चालवणारे दादा चंदगडकडचे, नाव सांगत नाही. जूनचा पहिला आठवडा होता, शाळा सुरू व्हायला आठ-दहा दिवस राहिलेले. गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करत होती. गावाकडच्या मिस्त्रीनं गेज लावून सांगितलं होतं, कॉम्प्रेशन नाही, इंजिन बदला. जुन्या बाजारातलं इंजिन बसवून ६५,००० रुपये. दादा आमच्याकडे आले होते ते फक्त विचारायला, की इथं स्वस्तात इंजिन मिळेल का. बोलता बोलता म्हणाले, "पतसंस्थेत बायकोचं गंठण ठेवायचं ठरलंय. उद्या जाणार हाय."

आमचे वस्ताद चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "ठेवशील गंठण. आधी बघू तरी वारं कुठनं जातंय ते."

आकडे आले १७०, १६५, ९५, १६०. तिसऱ्यात ऑइल सोडलं. ९५ चे १०० झाले, म्हणजे काहीच नाही. हवा सोडली, तर सायलेन्सरला कान लावायचीसुद्धा गरज पडली नाही, लांबूनच आवाज येत होता. वस्तादांनी वरचं कव्हर उघडलं आणि तिसऱ्या एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलर गेज घालायला बघितला. सगळ्यात पातळ पातंसुद्धा आत गेलं नाही. फट शून्य.

हे सीएनजीवाल्यांनी नीट ऐका. सीएनजी कोरडं इंधन आहे. त्यावर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह ज्या सीटवर येऊन बसतो ती सीट हळूहळू झिजते, आणि व्हॉल्व्ह आत आत रुतत जातो. तो रुतला की टॅपेटची फट कमी होते. जिथं टॅपेट सेट करावे लागतात अशा इंजिनात वेळच्या वेळी ते केले नाहीत, तर एक दिवस फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. दार किलकिलं राहतं. त्यातून कॉम्प्रेशन तर जातंच, वर व्हॉल्व्ह जळतो. कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडत असतो. टेकलाच नाही तर थंड कसा होणार?

आणि गंमत बघा, अशा वेळी इंजिन एकदम शांत वाटतं. टॅपेट सैल झाले की टकटक वाजतात, ते सगळ्यांना कळतं. घट्ट झालेले वाजतच नाहीत. दादाही तेच सांगत होते, "आवाज तर कायबी नव्हता."

हेड उतरवलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून एका जागी खाल्ली गेली होती. खाली सिलिंडरमध्ये डोकावलं, तर भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. म्हणजे खालचं इंजिन बऱ्यापैकी तरुण. नवीन व्हॉल्व्ह, सीटचं काम, बाकीच्या व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग, सगळे ऑइल सील, हेड सपाट आहे का ते तपासून नवीन पॅकिंग, आणि टॅपेट सेटिंग. चार दिवस आणि १४,००० रुपये. हे त्या एका गाडीचं बिल आहे. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला वेगळं येईल. पण गंठण घरात राहिलं आणि शाळेच्या पहिल्या दिवशी व्हॅन दारात उभी होती.

त्या गावाकडच्या मिस्त्रीनं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं मोजलं होतं, आणि आकडा खराच कमी होता. फक्त पुढचा प्रश्न विचारला गेला नाही. आणि खरं सांगायचं, पुढच्या टेस्टला वेळ लागतो, आणि टेस्टचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. आपण मोबाइलच्या काचेला दोन हजार देतो, पण "नुसतं बघायचे पाचशे कशाला" म्हणून मिस्त्रीशी घासाघीस करतो. मग तोही अंदाजानं बोलतो.

आता उलटी बाजू. समजा टेस्टमध्ये रिंगाच निघाल्या. निळा धूर येतोय, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पितेय. इथं पहिला मोह होतो तो नुसत्या नवीन रिंगा टाकायचा, कारण ते स्वस्त पडतं. पण सिलिंडर वापरून वापरून वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि थोडा अंडाकृती होतो. अंडाकृती भोकात गोल रिंग बसवली तर काही महिन्यांत परत धूर. म्हणून आधी बोअर गेजनं झीज मोजायची. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नवीन रिंगा चालतात. नसेल तर बोअर मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, कंपनीनं तुमच्या इंजिनाला ते दिले असतील तर. काही नव्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकांना बोअरिंग करता येत नाही किंवा स्लीव्ह टाकावी लागते, हे आधीच विचारून घ्या. आणि इंजिन उघडलंच आहे तर क्रँक आणि बेअरिंगही मोजून घ्यायचं. परत परत उघडायला इंजिन म्हणजे डबा नाही.

जाड ऑइल घाला, ऑइलमध्ये अमुक औषध टाका, असे सल्लेही मिळतील. धूर थोडे दिवस कमी दिसेल. झिजलेलं लोखंड त्यानं भरून येत नाही. बहुतेक वेळा असे उपाय गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात केले जातात, म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा.

मग दुसरं इंजिन कधी टाकायचं? ब्लॉकला तडा गेलाय, कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आलाय, क्रँक वाया गेलाय, किंवा दुरुस्तीचा एकूण आकडा चांगल्या इंजिनाच्या वर जातोय, तेव्हा. व्यवसायाची गाडी असेल तर खाड्याचाही हिशोब धरा. बोअरिंगच्या कामाला आठ-दहा दिवस सहज जातात, तयार इंजिन दोन-तीन दिवसांत बसतं. रोज कमावणाऱ्याला तो फरक मोठा असतो.

पण जुन्या बाजारातलं इंजिन घेताना डोळे उघडे ठेवा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, दिल्लीचं मायापुरी असो, तिथं चांगला मालही मिळतो आणि कचराही. जे इंजिन आपण घेतोय त्याचंसुद्धा कॉम्प्रेशन मोजून मागा. एका आजारी इंजिनाच्या जागी दुसरं आजारी इंजिन बसवायला पैसे देऊ नका. ऑइलचं झाकण उघडून आत काळा चिखल किंवा दुधासारखा पांढरा थर आहे का बघा. आणि बसवायच्या आधी, इंजिन बाहेर आहे तोवर, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील नवीन टाकून घ्या. तेव्हा मजुरी जवळजवळ फुकट पडते.

आणि कागद. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. इंजिन बदललं म्हणजे तो नंबर बदलला. पक्कं बिल हवं, ते इंजिन कुठल्या गाडीचं आहे त्याचा पुरावा हवा, आणि नवीन नंबर आरटीओत नोंदवायला हवा, विमा कंपनीलाही कळवायला हवा. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन काय काय कागद लागतील ते विचारा. बिल न देणारा कितीही स्वस्त देत असला तरी सोडून द्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणि तुम्ही बाकड्यावर.

आता शेवटचा हिशोब, करायचं की सोडायचं. एक, आज ही गाडी चालू अवस्थेत किती रुपयांना जाईल? दोन, इंजिन सोडून बाकी गाडी कशी आहे? गिअरबॉक्स, सस्पेन्शन, आणि कोकणातली गाडी असेल तर खालचा पत्रा. गंजलेल्या पत्र्याला नवीन इंजिन म्हणजे पडक्या घराला संगमरवरी फरशी. तीन, अजून किती वर्षं ठेवणार? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं तपासणी करून नूतनीकरण घ्यावं लागतं. तेराव्या वर्षी मोठा खर्च करताना हे डोक्यात हवं.

थोडं थांबायचंही चालतं, पण सगळ्यांत नाही. रिंगा थोड्या झिजल्यात, ऑइल थोडं कमी होतंय, तर दर आठवड्याला डिपस्टिक बघत काही महिने काढता येतात. व्हॉल्व्ह जळालाय किंवा पॅकिंग गेलंय, तर गाडी चालवू नका. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचं न जळालेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही महागडा भाग घालवतं. पॅकिंगमधून पाणी ऑइलमध्ये मिसळलं तर बेअरिंग जातात. आज हेडवर भागणारं काम महिन्याभरात खाली उतरतं.

आणि काहीही केलं तरी मूळ कारण सोडू नका. इंजिन गरम होऊन पॅकिंग गेलं असेल, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा बघा. धुळीच्या रस्त्यावर फाटका एअर फिल्टर वापरून बोअर घासला असेल, तर नवा फिल्टर लावा. सीएनजी असेल तर टॅपेट तपासायची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. नाहीतर नवीन इंजिनही त्याच वाटेनं जाईल.

मोबाइल हातात आहेच, तर एवढं टाइप करून ठेवा. गॅरेजला गेल्यावर विचारायचं: प्रत्येक सिलिंडरचा आकडा किती? ऑइल टाकून परत मोजल्यावर किती? आणि हवा कुठून बाहेर येतेय? गेजचा फोटो काढून मागा, टेस्टचे पैसे हसत द्या. ज्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतील, त्याचा नंबर सेव्ह करा.

तुमच्या गाडीचे आकडे आले असतील आणि अर्थ लागत नसेल, तर मला पाठवा. गाडी कुठली, किती चाललीय, पेट्रोल की सीएनजी, तेही लिहा. पुढच्या भागात त्यातलेच दोन-तीन घेऊन बोलू. तोवर सावकाश चालवा.